मागं सरून बघ

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या वाड्यामागच्या परड्यात माझ्या वडिलांची, आबांची रंगकामाची शेड होती. तिचं दार पत्र्याचं. दाराच्या आतल्या अंगाला आबांनी एक घोडा चिकटवला होता, कुठल्याशा मासिकाच्या मधल्या पानावरचा. मान मागं टाकलेली, जबडा उघडा, पुढचे पाय हवेत. खळीनं चिकटवल्यामुळं कागद जागोजागी फुगला होता आणि एका कोपऱ्यावर सफेद्याचा अंगठा उमटला होता. खाली बारीक अक्षरात नाव : एम. एफ. हुसेन.

१९९६ च्या ऑक्टोबरात तो घोडा मी फाडला. एका ओढीत निघेना, म्हणून लोखंडी पट्टीनं खरवडला. आबा दुपारचं जेवून शेडवर आले, दाराकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "घोड्यानं काय केलतं गं?"

मी एकोणीस वर्षांची होते आणि फार चिडलेली होते. त्यानंतर या हुसेनबद्दल माझं मत इतक्या वेळा हललं, की आता ते एकदा बसून लिहायचंच असं ठरवलंय. आबा असते तर त्यांनाच वाचून दाखवलं असतं.

आबा सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. कोल्हापुरात हे काम कमीपणाचं कधीच नव्हतं. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, तो जन्मभर बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखला गेला. मेस्त्री हे आडनाव मागं पडलं. खरी कॉर्नरला त्यांच्या आठवणीचा कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. आबा सायकलवरून तिथनं जाताना हात कपाळाला लावायचे. त्यामुळं आमच्या घरात 'पेंटर' हा शब्द डॉक्टर, वकील यांच्या बरोबरीनं वापरला जायचा.

बोर्डाचं काम बघण्यासारखं असायचं. चौकटीवर मांजरपाट ताणायचा, त्याला खळ आणि सफेद्याचा हात द्यायचा. वाळला की गेरूत भिजवलेली दोरी दोन टोकांना धरून ताणायची आणि मधोमध उचलून सोडायची. फट्ट. कापडावर तांबडी रेघ. अशा उभ्याआडव्या रेघांचे चौकोन पाडायचे, तेवढेच चौकोन हातातल्या फोटोवर पेन्सिलीनं आखायचे आणि चौकोनागणिक तोंड उतरवत जायचं. दोरीचं एक टोक धरायला मी असायचे. शिडीवर उभ्या माणसाला आपण काय रंगवतोय ते दिसत नाही. त्याच्यासमोर नुसती हातभर नाकपुडी असते, नाहीतर मिशीचा एक तुकडा. म्हणून आबा थोड्या थोड्या वेळानं खाली उतरायचे, परड्याच्या पार टोकाला गोठ्यापर्यंत जायचे आणि डोळे बारीक करून उभे राहायचे. मी जवळून काही बोलायला लागले की म्हणायचे, "मागं सर. मागं सरून बघ, मग बोल."

हुसेन त्यांना आवडायचा तो या शिडीमुळं. पंढरपुरात जन्मलेला, इंदूरला वाढलेला हा पोरगा १९३० च्या दशकात मुंबईत आला आणि चौरस फुटाच्या हिशेबानं सिनेमाचे बोर्ड रंगवत राहिला. पुढं १९४७ साली सूझा, रझा, आरा, बाकरे, गाडे यांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप या कलावंतांच्या गटात तो आला, १९७१ साली साओ पावलोच्या प्रदर्शनात पिकासोबरोबर निमंत्रित म्हणून गेला, हे आबांना ठाऊक होतं. पण त्याचं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं. त्या घोड्याच्या मानेवरनं बोट फिरवत ते सांगायचे, "ही रेघ खांद्यातनं आलीय. मनगटातनं न्हाई. शिडीवर राबल्याबिगर अशी रेघ येत नसती." तक्रारही होती त्यांची. "हात लई चालतोय ह्याचा. थांबत न्हाई कुठं." वर्षागणिक वाढत गेलेले ते शेकडो घोडे बघितले की वाटतं, आबांचं बरोबर होतं. त्यातले कितीतरी नुसते सवयीचे आहेत.

तर १९९६. भोपाळच्या 'विचार मीमांसा' या हिंदी मासिकानं सप्टेंबरच्या अंकात हुसेनवर लेख छापला, सोबत सत्तरच्या दशकात त्यांनी काढलेली देवतांची विवस्त्र रेखाटनं, त्यात एक सरस्वतीचं. वीस वर्षं ती चित्रं कुणाला खुपली नव्हती. लेख आला आणि वणवा पेटला. ऑक्टोबरात अहमदाबादेत जमावानं गॅलरीत घुसून त्यांची चित्रं फाडली, जाळली. १९९८ साली मुंबईतल्या त्यांच्या घरात लोक घुसले. आमच्या चित्रकलेच्या वर्गातही एक निषेधाचं पत्र फिरलं. चाळीसेक सह्या झाल्या, त्यात माझी तिसरी का चौथी. आमच्यापैकी एकानंही ते सरस्वतीचं चित्र बघितलेलं नव्हतं. वर्गात आठ आठ तास बसून आम्ही बघायला शिकत होतो आणि न बघता सही केली. या गोष्टीची मला आजही लाज वाटते. माझा राग खोटा नव्हता. लाज वाटते ती न बघण्याची.

त्या रागाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. हुसेनची बाजू घेणारे पुष्कळ लोक त्याला उडवून लावतात आणि तिथं माझं त्यांच्याशी जमत नाही. मीही मध्यंतरी त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळाचा दाखला द्यायचे. तिथल्या भिंतींवर शिलाहारांच्या काळातल्या सुरसुंदरी आहेत, त्यांच्या अंगावर दागिन्यांखेरीज फारसं काही नाही, आणि आपण पोरंबाळं घेऊन त्या बघायला जातो. मग हुसेननं काय वेगळं केलं? हा युक्तिवाद मी एकदा आत्तीपुढं केला.

आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. आज चौऱ्याऐंशीची आहे. नऊवारी नेसते, दर शुक्रवारी अंबाबाईला जाते. ती म्हणाली, "अगं, त्या भिंतीवरच्या हायत. गाभाऱ्यातली न्हाई."

तिचं म्हणणं समजायला कोल्हापुरात राहावं लागतं. इथं देवीला रोज नेसवलं जातं.  साडी, दागिने, मळवट अशी पूजा बांधली जाते आणि मगच देवी लोकांसमोर येते. आज कुठल्या रंगाची साडी होती हे आत्ती घरी आल्यावर सांगणारच. काठ कसले होते, निऱ्या कशा पडल्या होत्या, सगळं. पोटच्या लेकीला नटवावं तसं हे आहे. २०१७ च्या जूनमध्ये देवीला घागरा-चोळीची पूजा बांधली गेली तेव्हा हे गाव केवढं उसळलं होतं, मोर्चे निघाले, पुजारी हटवण्याची मागणी झाली. तिथं तर अंगभर कपडे होते आणि ते चढवणारे हात पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुजाऱ्यांचे होते. तरी लोकांना लागलं. कारण नेसवणं ही इथं भक्तीच आहे, आणि आईला काय नेसवायचं हे लेकरांनी ठरवायचं असतं. अशा गावातल्या बाईला त्या रेखाटनाचं दुःख झालं तर तिला अडाणी म्हणायची माझी छाती नाही. खिद्रापूरच्या भिंतीनं तिचं समाधान होत नाही. व्हायचं कारणही नाही.

मत हललं ते २००४ साली दिल्लीत. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मी 'जमीन' बघितलं. १९५५ सालचं चित्र, ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं. छापील पानावर ते वीतभर दिसतं. प्रत्यक्षात लांबच लांब आहे, एका नजरेत मावत नाही. गुरं, माणसं, माती, शेजारी शेजारी लावलेल्या गोधडीच्या तुकड्यांसारखं. मी आबांच्या सवयीनं मागं सरत गेले, सरत गेले, आणि समोरच्या भिंतीला पाठ टेकली तेव्हा ते पुरतं दिसलं. गळ्यात आवंढा आला. हे आमच्या गावाकडचं होतं. कागलला, गडहिंग्लजला रस्त्याकडेला दिसतं ते. कुणी बाहेरच्या माणसानं लांबून न्याहाळून काढलेलं ते नव्हतं.

मग मी त्यांच्याबद्दल हाताला येईल ते वाचत गेले.

हुसेन दीड-दोन वर्षांचे असताना त्यांची आई, जैनब, गेली. तिचा एकही फोटो मागं राहिला नव्हता. तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. त्यांना माहीत होतं ते एवढंच, की ती मराठी बायकांसारखं नऊवारी नेसायची. सुलेमानी बोहरा घरातली बाई, पंढरपुरात नऊवारी. हे वाचलं आणि त्यांची चित्रं मला परत बघावी लागली. त्यांच्या बायकांची ती कमर कसलेली, निऱ्या मागं खोचलेली, पिंढऱ्या मोकळ्या अशी ठेवण. आणि तोंडाच्या जागी नुसता रंग. पुढं मदर तेरेसांवर त्यांनी चित्रांमागून चित्रं केली. निळ्या काठाची पांढरी साडी, पदराच्या आत अंधार, मांडीवर मूल. चेहरा नाहीच. ते त्या साडीत कुणाला शोधत होते हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

घोड्याचंही तसंच. त्यांच्या लहानपणी मोहरमच्या मिरवणुकीत दुलदुल घोडा निघायचा, त्याचं त्यांना वेड होतं. आमच्या पेठेत मोहरम म्हणजे तालमीत बसणारे पंजे. बाबूजमालचा पंजा बघायला आम्ही पोरं आबांच्या खांद्यावर बसून गेलोय, खत्तलरात्रीला जागलोय. म्हणजे मी खरवडून काढलेला तो घोडा ज्या मिरवणुकीतनं आला होता, तसल्याच मिरवणुकीत मी लहानपणी चोंगे खाल्ले होते.

आणि ते अनवाणी पाय. १९६४ साली दिल्लीत गजानन माधव मुक्तिबोध गेले. हिंदीतले एवढे मोठे कवी, पण घर मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. त्यांच्या अंत्ययात्रेत आपण चप्पल काढली ती काढली, असं हुसेन सांगायचे. १९८८ साली अनवाणी आले म्हणून मुंबईतल्या एका क्लबानं त्यांना आत घेतलं नाही, तेव्हा देशभर बातमी झाली. बरेच लोक याला नाटक म्हणतात. असेलही त्यात थोडं. प्रसिद्धी त्यांना मनापासून आवडायची. पण पंढरीत जन्मलेल्या माणसाचं पायताण सोडणं मला नुसतं नाटक वाटत नाही.

राममनोहर लोहियांनी त्यांना म्हणे सांगितलं होतं की टाटा-बिर्लांच्या दिवाणखान्यातून बाहेर पड आणि रामायण काढ. त्यांनी हैदराबादेत बद्रीविशाल पित्तींच्या घरी राहून रामायणाची चित्रं केली, दीडशेच्या आसपास, वर्षानुवर्षं खपून. ती बैलगाडीवर घालून आसपासच्या खेड्यांत दाखवली. खेड्यातल्या कुणी त्यांना अडवलं नाही.

एवढं सगळं कळल्यावर मी त्यांची भक्त झाले असते. तसं झालं नाही, कारण दुसरंही कळत गेलं. १९७५ साली आणीबाणी लागली, लोक तुरुंगात गेले, आणि या माणसानं इंदिरा गांधींना दुर्गा म्हणून रंगवलं. माझ्या लेखी हा त्यांच्या आयुष्यातला खरा डाग. सरस्वतीच्या रेखाटनाहून मोठा. लोक देवीच्या वस्त्रावरनं भांडले आणि देवीचा शालू सत्तेच्या अंगावर चढवला गेला तेव्हा फारसं कुणी बोललं नाही. पुढं १९८६ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. दरबार त्यांना आवडायचा, हे मान्य करायलाच हवं.

दुसरी गोष्ट २००४ ची. त्यांच्या 'मीनाक्षी' सिनेमातल्या एका कव्वालीच्या शब्दांवर मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला. चित्रपटगृहांतून सिनेमा त्यांनी काढून घेतला. तिथं त्यांनी लगेच माघार घेतली, मग इथं का नाही, असं लोक विचारतात. माफी त्यांनी मागितली होती, भारतमातेच्या चित्रावरनं २००६ मध्ये, आणि ते चित्र लिलावातून मागंही घेतलं होतं. तरी प्रश्न उरतो. मी तो पुसून टाकणार नाही.

पण त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून नव्वदीच्या म्हाताऱ्याला गाव सोडायला लावायचं? देशभरच्या कोर्टांत खटले पडत गेले, एका शहरात वॉरंट तर दुसऱ्यात जप्ती. २००६ मध्ये ते देशाबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. ८ मे २००८ ला दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी खटले रद्द केले आणि निकालाच्या शेवटी लिहिलं की नव्वदीचा चित्रकार आपल्या घरी, आपल्या कॅनव्हासपाशी असायला हवा. सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल उचलून धरला. कायद्यानं ते सुटले, पण जमावाची भीती कायद्यानं जात नाही. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं.

ती बातमी आली त्या सकाळी आबा खाटेवर होते. शेड बंद होऊन सात-आठ वर्षं झाली होती. फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत बोर्डाचं काम संपलं. शेवटचा मांजरपाट आईनं धुऊन पायपुसण्याला घेतला. मी पेपर वाचून दाखवला. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पंढरपूरचा माणूस वाळवंटात गेला." मला वाटलं चंद्रभागेचं वाळवंट म्हणतायत. त्यांना कतारचं म्हणायचं होतं. किंवा दोन्हीही असेल. त्याच दिवाळीत आबा गेले. पुढच्या ९ जूनला, आषाढीला महिना असताना, हुसेन लंडनला गेले. तिकडंच पुरलं त्यांना.

कोल्हापूरला चित्रकार सांभाळायची सवय आहे असं आम्ही म्हणतो. टाउन हॉलच्या संग्रहालयात आबालाल रहिमानांची चित्रं आहेत. कुराणाच्या प्रती हातानं लिहिणाऱ्या घरातला हा माणूस, शाहू महाराजांनी त्याला दरबारी चित्रकार केलं. १९२२ मध्ये महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालनी आपली शेकडो चित्रं तळ्यात सोडून दिली, असं इथं सांगतात. कोटितीर्थावरनं जाताना आजही कुणीतरी पाण्याकडं बोट दाखवतं. ती बुडालेली चित्रं आपली म्हणून आम्ही हळहळतो. हुसेनची फाडलेली चित्रं कुणाची होती?

गेल्या वर्षी मार्चमध्ये, म्हणजे २०२५ ला, न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांची 'ग्रामयात्रा' जवळजवळ एकशे अठरा कोटींना गेली. आकडा मोठा आहे म्हणून बातमी झाली. मला त्या चित्राची गोष्ट जास्त लागली. १९५४ साली दिल्लीत एका डॉक्टरनं ते विकत घेतलं, नॉर्वेला नेलं, आणि ओस्लोच्या इस्पितळाच्या भिंतीवर ते कित्येक वर्षं राहिलं. चौदा फूट लांब, तेरा चौकटी. बायका दळतायत, गाय पिळतायत, पोरं सांभाळतायत, बैलगाडीतनं जातायत. एका चौकटीत शेतकरी उभा आहे आणि त्याचा हात चौकट ओलांडून शेजारच्या शेतात गेलाय. आबांनी पाडलेल्या गेरूच्या चौकोनांत असा हात कधी बाहेर गेला तर मी ओरडायचे, आणि ते म्हणायचे, असू दे.

फोनवर ते चित्र मी आत्तीला दाखवलं. तिचा मोतीबिंदू काढलाय, तरी फोन नाकाजवळ धरून बघते. नाव मुद्दाम आधी सांगितलं नाही. ती एकेक चौकट सरकवत गेली, दळणारीपाशी थांबली. मग मी नाव सांगितलं. आईचा फोटो नसल्याचं सांगितलं. नऊवारीचं सांगितलं.

आत्ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मग आपल्या आईला लुगडं नेसवत बसला जन्मभर. आमच्या आईला का न्हाई नेसवलं त्यानं?"

तीस वर्षं लोक ज्यावर भांडले ते तिनं एका वाक्यात माझ्यापुढं ठेवलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. रेषेची शुद्धता, आपली शिल्पपरंपरा, सगळं मला पाठ आहे. त्यातलं काहीच मी तिच्यासमोर बोलले नाही. "चुकलं असंल त्याचं," एवढंच म्हटलं.

"चुकलंच," ती म्हणाली. चष्मा काढून पदरानं पुसला. "पर म्हाताऱ्या माणसाला असं भायेर मरू द्यायचं? कुनी आनायला गेलं न्हाई?"

"नाही गेलं कुणी."

"तू सही केलतीस न्हवं?"

हे तिला कसं ठाऊक होतं मला माहीत नाही. आबांनी सांगितलं असणार. मी हो म्हटलं. तिनं त्यावर काही म्हटलं नाही. चष्मा परत चढवला, फोन हातात घेतला आणि या वेळी तो नाकाशी न धरता हात लांब करून समोर धरला.

"ती गाडी कुठं गेली," म्हणाली, "बैलांची? ती दाव परत."